आबांची पद्मिनी आणि माझा डिफरन्सल

गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचा आजार ओळखणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्यातला एक मी! हसू नका. जळगावात एका विमा कंपनीच्या मोटार विभागात मी वीस वर्षं काढली आहेत. आपटलेल्या, उलटलेल्या, विहिरीत पडलेल्या हजारो गाड्यांचे फोटो माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. आता फोटोत आवाज येत नाही हे खरं. पण अनुभव तो अनुभव!

तर यंदाच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी सासुरवाडीला गेलो होतो. सासुरवाडी म्हणजे धरणगावजवळचं एक गाव. माझे सासरे रुपचंद आबा, वय एकोणऐंशी. त्यांची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, वय पंचेचाळीस. दोघांच्याही तब्येतीची चौकशी त्या घरात एकाच दमात होते.

आबा ही गाडी वर्षातून एकदा लांबच्या प्रवासाला काढतात. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, हे तुम्हाला सांगायला नको. आबांची मोठी बहीण कोकिळाअक्का धुळ्याला दिलेली. आखाजीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, अक्का माहेरच्या उंबऱ्यात पाहिजे हा आबांचा नियम. गेली दोन वर्षं अक्कांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि येणं राहिलं. यंदा अक्कांनी फोनवर सांगितलं, "भाऊ सोता लेवाले उना तरच येसू. ड्रायव्हर धाडा तं मी दारबी उघडाव नही." म्हणजे न्यायला भावानेच यायचं!

आणि आबांच्या लायसनची मुदत जूनमध्ये संपत होती. डोळ्यांचं काही खरं नव्हतं, त्यामुळे ते पुन्हा काढायचं नाही असं घरात ठरलं होतं. म्हणजे आबांनी बहिणीला आपल्या हाताने आणायची ही शेवटची आखाजी. ते कोणी बोलत नव्हतं. पण आबा रोज सकाळी गाडी पुसताना दिसत.

अशा वेळी गाडी रडायला लागली! वेग वाढला की मागून एकसारखा आवाज. घूंऽऽऽ! आबांनी मला गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत चक्कर मारून आणली. मी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि निदान केलं, "डिफरन्सल गेला!"

डिफरन्सल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली जो लोखंडी गोळा दिसतो तो. आत एक मोठं दातेरी चक्र, एक छोटं. इंजिनाची ताकद तिथून चाकांना जाते. एवढं मला मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे माहीत होतं.

मागच्या सीटवर निंबा मिस्तरी बसला होता. आबांच्या गाडीला तीस वर्षं हाच माणूस हात लावतो. मी त्याच्याकडे वळून विचारलं, "काय निंबाभाऊ, बरोबर ना?"

निंबाने खिडकीतून मागच्या चाकाकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. मग म्हणाला, "जवाईबापू म्हनतस तं बरोबरच व्हई."

हे वाक्य लक्षात घ्या. खान्देशात जावयाचा मान काय असतो, हे बाहेरच्याला कळायचं नाही. जावई म्हणाला आज अमावास्या, तर लोक चंद्राकडे पाठ करून बसतील! अठरा वर्षांत त्या घरात मला कोणी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला वाटायचं, माझं सगळं बरोबरच असतं.

मग ओळख परेडचा कार्यक्रम. डिफरन्सल बदलायचा तर आपला कुठल्या मापाचा ते आधी कळलं पाहिजे. त्याची एक सोपी युक्ती व्हिडिओत होती. चाक उचलायचं, टायरवर आणि खालच्या फिरत्या दांड्यावर खडूने खूण करायची. चाकाची एक फेरी होईपर्यंत दांडा किती फेऱ्या मारतो ते मोजायचं.

निंबाने जॅक आणला. "दोन्ही चाकं उचलू का, जवाईबापू?"

"कशाला? एक उचललं की पुरे! वेळ कुठे आहे?"

"बरं."

मी मोजलं. दोन फेऱ्या आणि वर चिमूटभर. तीनदा मोजलं. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. निंबाने आकडा वाचून कान खाजवला.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं धुळ्याला निघालो. आबा गाडी चालवायला, मी बाजूला, मागे निंबा आणि त्याची हत्यारांची पिशवी. गाडी धुळ्यापर्यंत घूं करत राहिली आणि मी दर पाच मिनिटांनी आबांना सांगत राहिलो, "गोळा कधीही फुटेल!" आबांनी घाबरून पारोळ्यानंतर तिसऱ्या गिअरच्या वर टाकलाच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "जवाईबापू, परत येतांना टिकी का?"

"हाच डिफरन्सल ठेवला तर नाही टिकणार. उद्या सकाळी बदलून टाकू. माझ्यावर सोडा!"

आबांनी माझ्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळी सहाला निंबा अक्कांच्या अंगणात गाडीखाली गेला आणि आठपर्यंत जुना गोळा बाहेर काढला. मी खुर्ची टाकून देखरेख करत होतो. अक्कांची सून दिपमाला दर अर्ध्या तासाने चहा आणत होती. अक्कांचे यजमान झुलालनाना ओट्यावर बसून होते. नाना कमी ऐकतात आणि त्यामुळे मोठ्यांदा बोलतात. ते दर चहाला विचारत, "गाडी इकी टाकी का?" म्हणजे विकून टाकली का!

नवाच्या सुमाराला जुना गोळा गोणपाटात गुंडाळून आम्ही रिक्षाने भंगार बाजारात गेलो. केवलचंदशेठचं दुकान म्हणजे जुन्या गाड्यांचं माहेरघर. शेठ गादीवर बसले होते. मी वही उघडली.

"पद्मिनीचा डिफरन्सल पाहिजे. दोन पूर्णांक पंधरा शतांशचा."

शेठनी चष्मा कपाळावर चढवला. "किती?"

"दोन. आणि वर थोडं."

"साहेब, पद्मिनीत चारच्या वर असतं. माझ्याकडे सात नग आहेत, सातही चारच्या वरचे. दोनवाला कुठे भेटणार? विमानतळावर बघा!"

"आमच्या गाडीत दोनचाच आहे. मी स्वतः मोजलाय!"

"हे कोण?" शेठनी निंबाला विचारलं.

"आबांचे जवाई."

"अच्छा, अच्छा!" शेठचा आवाज एकदम मऊ झाला. "मग असेल हो दोनचा. चहा घेणार?"

आम्ही चहा घेतला. मी सातही नग नापास केले. घड्याळात दहा वाजून गेले. आबांचे दोन फोन येऊन गेले. अक्कांनी पहाटेच पेटी बांधून दारात आणून ठेवली होती, त्यामुळे तिकडे प्रत्येक मिनिट मोजलं जात होतं. मी फेऱ्या मारत होतो, नख कुरतडत होतो, आणि दोनचा डिफरन्सल जगात कुठे मिळेल ते मोबाइलवर शोधत होतो.

शेवटी निंबाने गोणपाट सोडलं. जुना गोळा शेठच्या समोर ठेवून म्हणाला, "शेठ, याना दात मोजी द्या बरं."

मोठ्या चक्राचे त्रेचाळीस, छोट्याचे दहा. चार आणि वर थोडं! अगदी त्या सात नगांसारखं.

"मग माझे दोन कुठून आले?" मी विचारलं.

निंबा खाली बघून म्हणाला, "तुम्ही मोजं ते बरोबरच शे, जवाईबापू. गाडीच त्या दिवशी एका पायवर उभी व्हती, म्हनीसन निम्माच आकडा उना. दोन्ही चाकं उचलतो तं चार येतीस."

म्हणजे चूक गाडीची होती. मला बरं वाटलं. मी त्यातल्या त्यात चकचकीत दिसणारा नग निवडला. शेठनी तो आतून बघता यावा म्हणून उघडलेलाच होता, मोठं चक्र सुटं आणि बाकीचं सुटं. निंबा मागे राहून शेठशी दोन मिनिटं काहीतरी कुजबुजला आणि एक छोटी पुडी खिशात टाकून आला. मी म्हटलं, तंबाखू असेल.

अंगणात परत आल्यावर खरी गोष्ट घडली. मोठं चक्र छोट्या चक्राच्या डावीकडे बसवायचं की उजवीकडे? दोन्हीकडे बसत होतं! निंबा डावीकडे बसवायला लागला तसा मी ओरडलो, "थांबा! व्हिडिओत डावीकडे होतं!"

"मंग बरोबर शे ना?"

"अहो, व्हिडिओतली गाडी परदेशातली! तिचं स्टेअरिंग डावीकडे. आपलं उजवीकडे. मग आतलं सगळंच उलटं येणार की नाही? उजवीकडे बसवा!"

निंबाने हातातलं चक्र खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "जुनाम्हा बी डावीकडेच व्हतं, जवाईबापू."

"म्हणूनच बिघडलं!"

निंबाने आबांकडे बघितलं. आबांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "जवाईबापू सांगतस तसं कर. टाइम नही."

साडेबाराला गोळा चढला. निंबाने गाडी जॅकवर असतानाच इंजिन चालू केलं. मी वाकून बघितलं. चाकं फिरत होती! कुठल्या दिशेने, ते मी बघितलं नाही. चाक फिरतंय म्हटल्यावर दिशा कोण बघतं?

"एक चक्कर मारी येऊ का?" निंबाने विचारलं.

"नाही! नव्या डिफरन्सलवर पहिल्यांदा अक्काच बसणार!"

"बरं," निंबा म्हणाला, आणि का कोण जाणे, ओट्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

दिपमालाने सासूबाईंची ओटी भरली, हातावर दही दिलं. शेजारच्या बायका जमल्या. अक्कांना गाडीत बसवायला तिघी लागल्या, एक ह्या गुडघ्याला, एक त्या गुडघ्याला आणि एक मागून. अक्का बसल्या, पदर सारखा केला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चाल भाऊ!"

गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. मी आबांच्या शेजारी. आबांनी हात जोडले, स्टेअरिंगजवळचा दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली!

"आबा, पुढे! पुढे!"

"पुढेच टाकेल शे!"

आबांनी घाईघाईने दुसरा टाकला. गाडी दुप्पट वेगाने मागे गेली! मागे खाट होती. खाटेवर दिपमालाच्या वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. कडाड् कडाड् कडाड्! खाट आडवी झाली, कुरडयांचा चुरा झाला, बायका किंचाळत पांगल्या आणि ओट्यापासून वीतभर अंतरावर आबांनी कशीबशी गाडी थांबवली.

मग मागून अक्कांचा आवाज आला, "भाऊ, तू माले लेवाले उना का परत ठेवाले?"

निंबा पायरीवरून शांतपणे म्हणाला, "आबा, रिव्हर्स टाका."

आबांनी रिव्हर्स टाकला. गाडी गुणी मुलीसारखी पुढे निघाली!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चक्र उलट्या बाजूला बसलं होतं. आता आमच्या गाडीला मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एक! पण मी हार मानणारा नाही. "काही बिघडलं नाही!" मी म्हणालो. "पुढे जायला एक गिअर पुष्कळ झाला. सावकाश जाऊ!"

निंबा मुकाट्याने येऊन अक्कांच्या शेजारी बसला. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. इंजिन आकांत करत होतं आणि गाडी चालत होती माणसाच्या चालीने. पहिल्या वळणावर केळीवाल्याची हातगाडी आमच्या पुढे गेली. चौकात सिग्नल लागला, तिथे आबांच्या हाताने चाळीस वर्षांच्या सवयीने पहिला टाकला आणि आम्ही मागच्या रिक्षाच्या अंगावर गेलो. रिक्षावाल्याने जे सुनावलं ते इथे देता येणार नाही. ते जावयाला उद्देशून नव्हतं, एवढंच.

आबांनी घाम पुसला. "ह्या चालीवर आपण परवा पोचसूत," ते म्हणाले. मग आरशात बहिणीकडे बघून म्हणाले, "अक्का, यंदा नही जमनार का वं?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला गाडीखाली जाऊन झोपावंसं वाटलं. ह्या माणसाची शेवटची आखाजी मी मातीत घातली होती.

"फिराव गाडी," अक्का म्हणाल्या. "पन मी खाले नही उतरत. ओटी भरीसन निंघेल बाई मी. माहेर पोचानं आधी सासरना दारम्हा पाय नही ठेवाव!"

आम्ही परत अंगणात शिरलो तेव्हा ओट्यावर डुलकी लागलेले झुलालनाना जागे झाले. बायकोला गाडीत बघून त्यांचा चेहरा खुलला. ते ओरडले, "अरे वा! उनी बी? आखाजी व्हई गई का?"

आबांनी इंजिन बंद केलं.

मग निंबाने अक्कांसकट गाडी उचलली! मागच्या बाजूला दोन जॅक, खाली विटा, लाकडी ओंडके. अक्का मागच्या सीटवर, जमिनीपासून हातभर वर, खिडकीतून हात बाहेर काढून बसल्या. गल्लीतल्या बायका पुन्हा जमल्या. कोणी सरबत दिलं, कोणी ऊन लागू नये म्हणून काचेवर चादर टाकली, कोणी जाता जाता पाया पडून गेली. अक्कांनी तिथूनच दिपमालाला कुरडयांचा चुरा डब्यात भरायला लावला आणि त्याची भाजी कशी करायची तेही सांगितलं.

मी वाकून निंबाला सूचना द्यायला गेलो, तेवढ्यात आबांनी माझा दंड धरला. "जवाईबापू, तुम्ही आत चहा पी या."

"आत्ताच झाला."

"आजून एक प्या."

मी आत जाऊन तीन चहा प्यालो. माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब तीन चहा. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. तीन. चार. पाच. बाहेरून हातोडीचा आवाज आला की मला दरदरून घाम फुटायचा. साडेपाचला निंबाने हात पुसले आणि आबांनी पहिला टाकला.

गाडी पुढे गेली!

आणि ऐका, आवाज नाही! ते घूं पार गायब! पारोळा रस्त्याला लागल्यावर आबांनी चौथा टाकला तरी गाडी लोण्यातून गेल्यासारखी जात होती. मला पुन्हा कंठ फुटला. "बघितलंत? मी सांगत होतो ना! डिफरन्सलच गेला होता!" आबा रस्त्याकडे बघत होते. निंबा खिडकीबाहेर बघत होता. अक्कांना खोकल्याची उबळ आली.

तरी उशीर झालाच. एरंडोलच्या अलीकडे सूर्य बुडाला. आबांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी दाबला. गावात शिरलो तेव्हा घराघरांत दिवे लागलेले. आमच्याच दारात अंधार! मला वाटलं, लाइट गेली. सासूबाई, म्हणजे कमलबाई, उंबऱ्यात निरांजन आणि काडेपेटी घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबल्यावर म्हणाल्या, "मी आजून दिवाच लावा नही. मंग दिवेलागन कशी व्हई?"

आबा गाडीतून उतरले, बहिणीचा हात धरून तिला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि तिथेच हमसून रडले. अक्का त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, त्यात थोडा सुटकेचा भाग होता.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि शेजारीपाजारी धरून पंधरा माणसं. मी त्या सगळ्यांना डिफरन्सलची कथा सांगितली. उलट्या चक्राचा भाग जरा आटोपता घेतला, पण आवाज कसा गायब झाला ते सविस्तर सांगितलं. सगळे माना डोलावत होते. शेवटी मी निंबाला म्हणालो, "आता सगळं पार पडलं. जुन्या डिफरन्सलमध्ये नेमकं काय गेलं होतं, ते ह्यांना सांगा!"

निंबाने आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "सांगी टाक आते."

"काही नही," निंबा म्हणाला.

"काही नाही म्हणजे?"

"काहीच जायेल नव्हतं. आवाज चाकना बेअरिंगना व्हता. शेठकडून नवं लयनू आनि काल बदली टाकं."

ती पुडी! तंबाखूची नव्हती तर!

"आणि मी निवडलेला डिफरन्सल?"

"तो डिकीम्हा शे. गाडीले जुनाच लाई दिना."

आमरसाची वाटी माझ्या हातातच राहिली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"विहिरपावत चक्कर मारी तधळच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

निंबाला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "तुमले कसं सांगू? तुम्ही जवाई शेतस."

मी आबांकडे बघितलं. ते पोळीत बघत होते. सासूबाईंकडे बघितलं. त्या तूप वाढत होत्या. पंगतीतल्या पंधराच्या पंधरा माणसांना हे आधीच माहीत होतं, आणि तरी त्यांनी माझी कथा शेवटपर्यंत माना डोलावत ऐकली होती!

तेवढ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्याने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पन आबा, पुढला वरीसले गाडी बंद. मंग अक्काले लेवाले कोन जाई?"

आबांचा घास थांबला. मला काय वाटलं कोण जाणे, मी ताठ बसलो आणि म्हणालो, "मी जाईन, अक्का! मुऱ्हाळी म्हणून मी येईन!"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत माया दाटून आली, हे मी शपथेवर सांगतो.

"ये ना रे बाबा, नक्की ये," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदाच कोणीतरी 'ये रे' म्हणालं होतं! माझा ऊर भरून आला.

"पन एस.टी.नी ये," अक्का म्हणाल्या. "गुडघा दुखतीन तं दुखू दे. ती पुढे तरी जास!"